बाईकडची दारू

माझ्या नवऱ्याला मोठा आवाज सहन होत नाही. मिक्सर लावला की तो उठून वरच्या खोलीत जातो. मी बहिणीशी फोनवर बोलत असले की समोरून जाता जाता हाताने 'हळू, हळू' अशी खूण करतो. असा माणूस दर शनिवारी बंदूक चालवायला जातो, हे इथल्या मराठी मंडळींना सांगितलं की ती आधी हसतात आणि मग माझ्याकडे जरा काळजीने बघतात.

नेमबाजीचं वेड त्याला पुण्यात कॉलेजात एनसीसीत असताना लागलं. आम्ही हॉलंडमध्ये लायडस्खेनडामला राहायला आलो, त्यानंतर कधीतरी तो इथल्या नेमबाजी क्लबाचा सभासद झाला. या देशात बंदूक मिळणं सोपं नाही. आधी उमेदवारी, मग परवाना, मग पोलीस घरी येऊन तिजोरी भिंतीला बोल्टने नीट बसवली आहे ना ते हलवून बघतात. मी त्या पोलिसांना कॉफी दिली होती. त्याची ती छोटी रायफल तिजोरीत आली तेव्हा मला काही वाटलं नाही. पुरुषाला एखादा छंद असावा, निदान तो घरातल्या कामांत नाक खुपसत नाही, असं मी बहिणीला म्हणाले होते. सुखाचे दिवस होते ते.

मग ती आली.

ती म्हणजे क्लबातली एक डच बाई. वयाने माझ्या सासूबाईंपेक्षा थोडी लहान, उंच, पांढरे केस पुरुषांसारखे कापलेले. तंत्रशाळेत मुलांना लेथवर काम करायला शिकवायची, आता निवृत्त. हार्लेमच्या वाटेवर एका गावात तिचं घर, आणि घराला लागून गॅरेज. गाडी त्या गॅरेजमध्ये कधीच गेलेली नाही. आत काडतुसं भरायचं टेबल आहे. हे लोक झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी फेकत नाहीत. ती घासूनपुसून पुन्हा मापात आणतात, तळाला ठिणगी देणारी नवी टिकली, म्हणजे प्रायमर, बसवतात, दारू मोजून भरतात आणि वर नवी गोळी बसवतात. माझा नवरा ते काम तिच्याकडे शिकायला जाऊ लागला.

"अगं, ती माझी बाई आहे," तो एकदा मला समजावून सांगत म्हणाला.

मी हातातली पोळी तव्यावर टाकायची थांबले.

"म्हणजे शाळेतल्या बाईंसारखी," तो घाईघाईने म्हणाला.

तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव बाई पडलं. आमची मुलगी इथेच वाढलेली. मराठी सगळं समजतं, पण उत्तर डचमध्ये देते. तिला तर ते त्या बाईचं खरंच नाव वाटलं.

बाईचा नवरा वारलेला. तो शिकारी होता, दर हिवाळ्यात स्वीडनला जायचा, आणि मोठ्या जनावरासाठी त्याच्याकडे एक मोठी मॅग्नम रायफल होती. तो गेल्यावर बरीच कागदपत्रं होऊन ती रायफल बाईच्या परवान्यावर चढली. पण चालवता येईना. एक तर तिच्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं, आणि मॅग्नमचा धक्का म्हणजे घोड्याची लाथ. दुसरं, क्लब वस्तीला लागून. पूर्ण ताकदीची मॅग्नम झाडली की शेजारच्या गल्लीतून तक्रारी यायच्या, म्हणून क्लबाने ती जवळजवळ बंदच केलेली. बाईला ती विकायची नव्हती. एकदा तरी स्वतः चालवायची होती. तेव्हा दोघांनी ठरवलं, मॅग्नमसाठी हळू जाणारी काडतुसं तयार करायची.

मला हे सगळं माझ्या नवऱ्याने एका रविवारी जेवताना इतक्या उत्साहाने सांगितलं की त्याची आमटी गार झाली. गोळी आवाजाच्या वेगापुढे गेली की हवेत कडाड असा तडाखा होतो म्हणे. तिला त्या वेगाच्या आत ठेवायची. मग तडाखा नाही, उरतो तो नळीच्या तोंडाचा आवाज, आणि दारू थोडी असल्यामुळे तोही लहान आणि धक्काही लहान. ऐकायला सोपं. पण मॅग्नमची पुंगळी भलती मोठी. तिच्यात एवढीशी दारू घालणं म्हणजे लग्नाच्या पातेल्यात एका माणसाचा भात लावण्यासारखं. तांदूळ एका कडेला जमले तर करपणार, पसरले तर कच्चे राहणार, रोज वेगळा भात.

"मग लहान पातेलं घ्या की," मी म्हणाले.

"तिच्या नवऱ्याचं पातेलं हेच आहे," तो म्हणाला.

मी त्याची आमटी गरम करून आणली. पुढे त्याने आणखी एक सांगितलं, की कमी दारू म्हणजे कमी धोका असं अजिबात नाही. फारच कमी झाली तर गोळी नळीतच अडकून बसते, आणि ते न कळता कोणी मागून दुसरी झाडली तर नळी फुटते. मी बायको आहे, मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही थोडी. पण माझ्या मनात दुसरंच चालू होतं. या माणसाने इतकं एका दमात मला शेवटचं कधी सांगितलं होतं, ते मी आठवत होते.

डिसेंबरात माझ्या ऑफिसने मला पुण्याला परत यायचं विचारलं. मी हेगला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम बघते. खराडीच्या ऑफिसात अख्ख्या टीमची प्रमुख म्हणून जागा होती. मे संपायच्या आत उत्तर द्यायचं होतं. मला जायचं होतं. पदासाठी जायचं होतं हे खोटं नाही, पण त्याहून जास्त मला माझ्या भाषेत भांडायचं होतं. इथे इतकी वर्षं मी मीटिंगमध्ये इंग्रजीत शहाणी, हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरकडे, डचमध्ये मठ्ठ, आणि इतर भारतीयांत हिंदीत गोड. स्वतःसारखी मी फक्त स्वयंपाकघरात असते. नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बघू."

मराठी नवऱ्याचं 'बघू' ज्यांना माहीत आहे त्यांना मी काय सांगावं. जानेवारीत विचारलं, बघू. फेब्रुवारीत विचारलं, तर म्हणाला, एवढं काडतुसाचं जमू दे, मग निवांत बघू. म्हणजे माझं पुणं त्या बाईच्या बंदुकीमागे रांगेत उभं होतं.

मला त्या बाईचा मत्सर वाटत होता. हे सभ्य भाषेतही सांगता येईल, की मला एकटं वाटत होतं वगैरे. पण मला एकटं वाटत नव्हतं. मी जळत होते. ती साठीच्या पलीकडची, दुखऱ्या खांद्याची विधवा आहे, तिच्यात आणि माझ्या नवऱ्यात तसलं काहीही नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याने काही फरक पडत नव्हता. उलट तसलं काही असतं तर मला निदान रीतसर भांडता आलं असतं.

तिच्या फिजिओथेरपीचे वार त्याला पाठ होते. माझ्या दाढेचं रूट कॅनाल झालं त्या संध्याकाळी त्याने मला चकली पुढे केली. घरी तो चहाचा कप आहे तिथे सोडतो. तिच्याकडे मात्र कामाला बसायच्या आधी घड्याळ काढतो, बाह्या दुमडतो, हात धुतो. हे मला कसं कळलं, तर बाईने काढलेला फोटो त्याने मला कौतुकाने दाखवला. फोटोत तो तराजूवर वाकलेला, आणि चेहरा असा, की मी तो चेहरा ओळखला. आमची मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात पहिल्यांदा तिची नखं कापताना तो असा दिसत होता. मी फोन परत दिला आणि म्हणाले, केस वाढलेत तुझे.

त्याचं डच सुधारलं. मी इतकी वर्षं संध्याकाळच्या वर्गाला जाऊन दुकानापुरतं डच शिकले, आणि हा गॅरेजमध्ये बसून विनोद करायला शिकला. आता तर हो म्हणताना इथल्या बायकांसारखा श्वास आत ओढत 'या' म्हणायचा. घरात, पोळीवर तूप हवं का विचारलं तरी. बाई त्याला सफरचंदाचा केक करून द्यायची, तो चांदीच्या कागदात गुंडाळून घरी आणायचा. त्यात बेदाणे असायचे. माझ्या शिऱ्यातले बेदाणे हा माणूस पंधरा वर्षं वेचून ताटाच्या कडेला लावत आला आहे. तो केक मी एकदा तो अंघोळीला गेल्यावर चाखून बघितला. चांगला होता. ते मला फारच लागलं.

मे लागला आणि एकदा गोळी खरोखरच नळीत अडकली. त्या दिवशी तो उशिरा घरी आला, चेहरा उतरलेला. बाईने वेळेवर ओळखलं, आवाज पोकळ आला म्हणाली, हात वर करून त्याला थांबवलं, आणि मग दोघांनी मिळून पितळेच्या दांड्याने हळूहळू ठोकून ती बाहेर काढली. "तिने थांबवलं नसतं तर," तो बूट काढता काढता म्हणाला. मी देवापुढे दिवा लावला. आणि दिवा लावताना माझ्या मनात आलं, की आता हिचे उपकारही झाले. म्हणजे मी हिच्याबद्दल उघड बोलायचीही सोय राहिली नाही.

पुढच्याच शनिवारी साताऱ्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. मी इस्त्री करत होते, म्हणून फोन मुलीने घेतला. आजीसमोर तिने मराठीतच बोलायचं असा घरचा नियम आहे.

"बाबा कुठाय गं?" आजीने विचारलं.

"बाबा बाईकडे गेला."

"कुठल्या बाईकडे?"

"बाबाची बाई. दर शनिवारी जातो."

आजीचा चेहरा स्क्रीनच्या जवळ आला. "काय करायला जातो?"

"ते दोघं दारू मोजतात," मुलगी म्हणाली. शब्द बरोबर आठवल्याचा आनंद तिच्या आवाजात होता. "थोडी थोडी. खूप हळू. मग ते केक खातात."

इथे एक खुलासा करायला हवा. आमच्या घरात कोणी पीत नाही. मुलीला बियर माहीत, वाइन माहीत, ती डचमध्ये. दारू हा शब्द तिला तिच्या बापाने शिकवलेला, आणि एकाच अर्थाने. पावडर म्हणू नकोस, आपल्याकडे तिला दारू म्हणतात, बंदुकीची, फटाक्याची, असं त्याने तिला मुद्दाम समजावलं होतं. आपल्या वस्तूंना आपले शब्द राहावेत, असा त्याचा आग्रह असतो. मी इस्त्री बाजूला ठेवून फोन घेऊ शकले असते. मी शर्टाची दुसरी बाही पसरली.

सोमवारी सासूबाईंनी मला ऑफिसच्या वेळेत फोन केला. त्या असं कधी करत नाहीत.

"तू मला काही बोलली नाहीस," त्या म्हणाल्या.

"काय बोलणार आई."

"कधीपासून चाललंय हे?"

"सप्टेंबरपासून."

"दर शनिवारी?"

"दर शनिवारी. पाऊस असो, काही असो."

"आणि ती बाई... घरी कोण असतं तिच्या?"

"कोणी नाही. नवरा वारला तिचा."

सासूबाईंनी लांब श्वास घेतला. मी एक शब्द खोटा बोलले नाही, हे वाचणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. त्यांनी विचारलं, मी उत्तर दिलं. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या बाईबद्दल कोणीतरी माझ्याइतकंच वाईट मत करून घेतलं होतं, त्याचं मला फार बरं वाटलं.

"तुम्ही परत या बाई," सासूबाई म्हणाल्या. "ते पुण्याचं आलंय ना तुझं, ते सोडू नकोस. त्याला घेऊन ये इकडे."

"मी तर तयार आहे, आई. तुम्हीच विचारा त्याला."

त्यांनी विचारलं. त्याच आठवड्यात रविवारी, स्पीकरवर, तो बटाटे सोलत होता आणि मी कणीक मळत होते.

"मला सगळं कळलंय," त्या म्हणाल्या. "पोरीनं सांगितलं."

"हो का?" तो खूश झाला. बंदुकीचं आईला कधी सांगितलं नव्हतं, ते मुलीने परस्पर सांगून टाकलं आणि आई ओरडली नाही, एवढंच त्याला दिसलं. "मी सांगणारच होतो तुला. म्हटलं घाबरशील."

"घाबरणार नाही तर काय? किती असते रे?"

"अगदी थोडी, आई. आमचा सगळा प्रयत्न तोच आहे, कमीत कमी दारूत काम झालं पाहिजे. तेच तर अवघड असतं."

"आणि सोडून देणं?"

"आता कसं सोडणार? इतके महिने घातलेत. जवळजवळ जमलंय. आणि बाईचा खांदा दुखतो, तिला एकटीला होत नाही."

सासूबाई रडायला लागल्या. माझा नवरा हातात अर्धा सोललेला बटाटा घेऊन फोनकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं. मी कणकेला पाणी लावलं.

"आई, कसली दारू वाटली तुला?" त्याने हळूच विचारलं. "अगं, बंदुकीची. बंदुकीची दारू."

रडणं थांबलं. "कसली बंदूक?" सासूबाई म्हणाल्या.

त्यानंतरचा तासभर मी सांगत नाही. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, की त्यापेक्षा पिणं सोडवायला सोपं नसतं का. फोन ठेवल्यावर तो माझ्याकडे वळला.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला. "तू सांगितलं का नाहीस तिला?"

"त्यांनी मला दारू कसली ते विचारलंच नाही."

"हे काय उत्तर झालं?"

"मग तुझं बघू हे काय उत्तर झालं?" मी म्हणाले, आणि माझा आवाज चढला. त्याचा हात सवयीने वर गेला, हळू, हळू. "हात खाली घे," मी म्हणाले. "मी काही तुमची मॅग्नम नाही. मे निम्मा संपला. एका मेलेल्या माणसाच्या बंदुकीसाठी तू आठ महिने बसतोस, आणि माझ्या एका प्रश्नासाठी तुला एक संध्याकाळ मिळत नाही. तिचा आवाज कमी व्हावा म्हणून एवढं करतोस. माझा नुसता ऐकून तरी घे."

त्याने बटाटा सोलून पातेल्यात टाकला. मग म्हणाला, "येत्या शनिवारी शेवटची चाचणी आहे. त्यानंतर सांगतो. नक्की."

"मी येणार शनिवारी," मी म्हणाले.

"तुला बोअर होईल."

"होऊ दे."

शनिवारी आम्ही क्लबात गेलो. लांबट, छप्पर घातलेली जागा, समोर मातीचा बांध. बाई आधीच येऊन बसली होती. मी तिला फोटोत बघितलं होतं त्यापेक्षा ती बारीक होती, आणि अंगातलं पुरुषी जाकीट खांद्यावर मोठं होत होतं. तिने उठून इथल्या रिवाजाप्रमाणे माझ्या गालांना तीनदा गाल लावले आणि माझ्यासाठी डच अगदी सावकाश बोलू लागली. तेही मला लागलं. त्याच्याशी ती भरभर बोलत होती.

नवरा निशाण लावायला पुढे गेला तेव्हा आम्ही दोघीच बाकावर होतो.

"पुणे," ती म्हणाली. उच्चार बरोबर होता, म्हणजे पुष्कळदा ऐकलेला होता. "अवघड आहे तुमचं. डिसेंबरपासून तो त्याबद्दल बोलतोय."

डिसेंबरपासून. मला ऑफिसने विचारलं तेव्हापासून. मला त्या सगळ्या महिन्यांत मिळाला तो 'बघू' हा एक शब्द, आणि हिला गॅरेजमध्ये तराजूच्या काट्यापाशी माझ्या आयुष्याचा प्रश्न पूर्ण वाक्यांत ऐकायला मिळत होता. माझे कान तापले.

"काय म्हणतो तो?" मी माझ्या मोडक्या डचमध्ये विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं आणि जाकिटाची बाही खाली ओढली. मग म्हणाली, "ते तू त्याला विचार. मी सांगणं बरोबर नाही."

म्हणजे ती सभ्यही होती. तिने आगाऊपणा केला असता तर मी तिला माफ केलं असतं.

तो परत आला. सगळ्यांनी कानांवर कर्णरक्षक चढवले, मलाही एक जोडी दिली. बाईने रायफल टेकूवर ठेवली, दुखरा खांदा जपत दस्ता खांद्याला लावला. माझा नवरा तिच्या शेजारी वाकून उभा राहिला, वेग मोजायच्या यंत्राकडे बघत. तिने झाडली. मी डोळे घट्ट मिटून घेतले होते, त्याची गरज पडली नाही. कपाटाचं दार कोणीतरी जरा जोरात लावावं एवढाच आवाज झाला. पलीकडच्या पट्ट्यावरच्या दोन माणसांनी मान वळवून बघितलं. नवऱ्याने आधी दुर्बिणीतून निशाणाकडे बघितलं, छिद्र पडलं आहे याची खात्री केली, मग यंत्राकडे, आणि अंगठा वर केला. तिने दुसरी झाडली, तिसरी झाडली. सगळ्या तशाच, एका जागी.

बाईने रायफल उघडी करून ठेवली, कर्णरक्षक काढले आणि दस्त्यावर तळहात ठेवून बसून राहिली. रडली नाही. तिचा खांदा दुखला नव्हता, हे मात्र तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आणि माझा नवरा तिच्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते. मला ती बंदूक नको होती, तो केक नको होता, ते डचही नको होतं. मला फक्त तसं बघितलेलं हवं होतं, कोणीतरी महिनोन्महिने माझ्यासाठी काहीतरी नेटाने करून मग माझा चेहरा कसा होतो ते बघत थांबावं, एवढंच हवं होतं.

मग आम्ही क्लबाच्या कँटीनमध्ये कॉफी घ्यायला बसलो. बाई, तो आणि मी, लहानशा टेबलाभोवती. बाईने डब्यातून केक काढला. दोघं भराभर काही बोलत होते, वेगाचे आकडे, हिवाळ्यात थंड हवेत पुन्हा बघावं लागेल असं काहीतरी. हिवाळ्यात, तो म्हणाला. मी ते ऐकलं.

"झालं ना तुमचं?" मी मराठीत विचारलं. बाई थांबली आणि विनयाने केकच्या डब्याकडे बघू लागली. "मग आता सांग. आपण जायचं का पुण्याला?"

तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "ने."

मराठीत ने. मला ने. घेऊन जा. अर्ध्या क्षणात माझ्या मनात सगळं उभं राहिलं. सामानाची खोकी, मुलीची शाळा, सासूबाईंचा हसरा चेहरा, खराडीच्या ऑफिसात मी मराठीत कोणालातरी झापते आहे. माझे डोळे भरून आले, आणि मी त्याचा हात धरायला हात पुढे केला. तेव्हा त्याचा चेहरा दिसला. डच माणूस नाही म्हणताना जे म्हणतो, ते मराठी कानाला अगदी तसंच ऐकू येतं. त्याने नाही म्हटलं होतं. आपण कुठल्या भाषेत बोललो, हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

बाईला आमच्या बोलण्यातला तो एकच शब्द कळला असणार. तिने माझा अर्ध्यावर थांबलेला हात बघितला, त्याच्याकडे बघितलं, आणि हळू आवाजात त्याला विचारलं, "काय विचारलं तिने?"

मी वाट बघत राहिले. आता तो सांगणार होता, डिसेंबरपासून सगळं सांगत आला होता तसं, त्या सुंदर, सफाईदार डचमध्ये.

तो कपातला चमचा फिरवत राहिला. "काही नाही," तो तिला म्हणाला. "आमचं आहे. घरचं."

तिने मान हलवली आणि केकच्या डब्याला झाकण लावलं. पुणं गेलं होतं, ते मला कळलं होतं, आणि घरी जाऊन मी रडणार होते हेही कळलं होतं. पण माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की एवढं एक त्याने तिला सांगितलं नाही.